कड्यावरचा पाला

ही गोष्ट मला नीट आठवते की नाही, शंकाच आहे. ते साळिंदर नसेल, खवल्या मांजरही असेल. पण फार पूर्वी एका रानात गांजाच्या पाल्याला बंदी होती, एवढं नक्की.

म्हाताऱ्या साळिंदराच्या पोटात गाठ झाली. त्याची बायको सभेत उभी राहिली. "चार पानं द्या हो. त्यानं कळ थांबते म्हणतात."

"आज चार पानं, उद्या सगळं रान झिंगेल!" कोल्हा म्हणाला.

"तुम्ही न खाताच झिंगता, कोल्होबा!" माकडं हसली.

मग हरिणी उठली. "माझं पाडस कड्यावरचा तोच पाला खाऊन खाली पडलं. नको."

ज्याच्या घरी मरण झालं त्याचा शब्द मोडायचा नाही, अशी तिथली रीत होती. सभा उठली.

साळिंदर आठ दिवस तळमळून मेलं. मग सगळे त्याच्या बायकोकडे आले. "साळूबाई, आता तुमचाही शब्द मोडता येणार नाही. मागा पाला."

"आता कुणासाठी मागू?" ती म्हणाली.

कित्येक वर्षांनी मी तो कडा चढून स्वतः खात्री करून घेतली. तिथे गांजाचं एकही झाड नाही. सगळा विषारी धोतरा आहे.