वाघचौरेबाईंचा खुलासा

पाटबंधारे कार्यालयात दुसाने साहेब रुजू झाले, ते पापडासारखा पातळ लॅपटॉप घेऊनच. त्याला पोर्ट एकच, तेही बारीक. साहेबांनी लगेच फर्मान काढलं, की सगळ्यांनी जुने लॅपटॉप जमा करून असेच घ्यायचे. सगळ्यांनी मुकाट्याने घेतले. शाखा अभियंता वाघचौरेबाईंनी मात्र आपलं जाडजूड धूड काही सोडलं नाही.

साहेबांनी त्यांना ‘कारणे दाखवा’ नोटीस बजावली. वर म्हणाले, "आणि खुलासा कागदावर नको हं! आपलं ऑफिस आता आधुनिक झालंय."

दुसऱ्या दिवशी भर मीटिंगमध्ये बाईंनी साहेबांपुढे पेनड्राइव्ह ठेवला. "नेट सकाळपासून बंद आहे, साहेब. खुलासा यात आणलाय."

साहेबांनी आपला लॅपटॉप चारही बाजूंनी फिरवून पाहिला. पेनड्राइव्ह जाईल असं भोक कुठेच नव्हतं. शेजारच्याचा मागवला, तोही तसलाच आधुनिक. शेवटी घसा खाकरून ते म्हणाले, "बाई, जरा तुमचा द्या बघू."

बाईंनी अदबीने दिला. फाइल उघडली. आत एकच ओळ होती:

"महोदय, हा खुलासा आपण माझ्याच लॅपटॉपवर वाचत आहात, हेच कारण."