ओतारआळीतला कोंडा

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा मासे बोलायचे आणि, नवल म्हणजे, माणसं ते ऐकूनही घ्यायची.

एका राजानं मोठ्या तळ्यात मासे पाळले होते. त्यांना खाऊ घालायला एक कोळी नेमला होता. माशांना रोज पोतंभर भाताचा कोंडा लागे. जवळच्या ओतारआळीत शिशाच्या मूर्ती ओतत आणि कोंड्यानं घासून चकचकीत करत. घासून काळा पडलेला कोंडा फेकून देत. कोळ्याला वाटलं, अन्न ते अन्न, वाया कशाला घालवा? तो ती पोती उचलून आणू लागला.

"अरे, त्यात शिसं आहे, त्यानं लेकरांची वाचा-बुद्धी खुंटते," एका ओताऱ्याची म्हातारी आई म्हणाली.

"असेल चिमूटभर. एवढ्या तळ्यात म्हणजे दर्यामें खसखस!" कोळी हसला.

बारा वर्षं गेली. मासे गलेलठ्ठ दिसत होते. कोळ्याच्या घरीही रोज तेच शिजत.

मग त्याची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. "बाबा, मला तळ्यातला सगळ्यात मोठा मासा हवा," ती म्हणाली. लेकीचे डोहाळे ते! कोळी लगबगीनं जाळं घेऊन निघाला.

जाळ्यात आली म्हातारी मरळ. ती म्हणाली, "ने मला, पण काय नेतोयस ते ऐकून ने. तुझा कोंडा लहान माशांनी खाल्ला. कोंड्याचं मांस झालं, शिशाचं काहीच झालं नाही. ते ना कुजतं, ना पचतं. त्या माशांना मी खाल्लं. हजारोंची चिमूट चिमूट माझ्या एकटीत साठली. आता मी तुझ्या लेकीच्या पोटात जाणार, आणि तिथं आणखी एक जीव आहे."

कोळी गुडघाभर पाण्यात थिजून उभा राहिला. एवढं अफाट तळं, पण त्यानं एक कणही हरवू दिला नव्हता! डोळ्यांना न दिसणारी धूळ माशातून माशात चढत, वाट न चुकता त्याच्या उंबऱ्याशी आली होती. विस्मयानं त्याचे हात आपोआप जोडले गेले. भीती वाटली ती नंतर.

त्यानं मरळ सोडून दिली.

"एक मासा मागितला, तोही नाही?" लेक रुसली. कोळ्यानं सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "बाबा, आणि लहानपणापासून मी खाल्ले ते?"

कोळी उठला आणि तडक राजवाड्याकडे निघाला.

त्यानं राजापुढे आपली चूक कबूल केली. राजानं तळ्यातली मासेमारी बंद केली. कोळी त्यानंतर स्वच्छ कोंडाच टाकत राहिला, पण गेलेलं शिसं त्याला वेचता आलं नाही. नात जन्मली, चालू लागली, बोलू लागली. तिच्या प्रत्येक नव्या शब्दाला त्याचा जीव भांड्यात पडे आणि पुढच्या शब्दासाठी पुन्हा टांगणीला लागे.

बोध एवढाच: पाण्यात टाकलेलं विष विरून जात नाही, ते फिरून आपल्याच ताटात येतं.