सुतारपक्ष्याची भाड्याची ढोली

माणसाला घर बांधणं ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका सुतारपक्ष्याने आंब्याच्या खोडात आपल्या ढोलीशेजारी दुसरी ढोली कोरली आणि साळुंकीला भाड्याने दिली. भाडं एवढंच, की रोज सकाळी तिने एक गाणं म्हणायचं.

पावसाळ्यात साळुंकी म्हणाली, "दादा, ढोली गळतेय हो. पिल्लं भिजतात."

"बघू," तो म्हणाला. त्याला तिसऱ्या ढोलीची घाई होती. तिने पुन्हा सांगितलं, तो पुन्हा म्हणाला, "बघू."

पिल्लांना पंख फुटताच साळुंकी समोरच्या जांभळावर राहायला गेली.

आता दोन ढोल्या रिकाम्या होत्या. सकाळी सुतारपक्षी जांभळाकडे कान लावून बसे. शेवटी त्याने डिंकाने भेग बुजवली आणि हाक मारली, "ताई, गळती काढली गं! परत येतेस?"

पलीकडून तोच गोड आवाज आला, "बघू."