शंभरात शहाण्णव

पानमळ्यांच्या एका गावात विश्राम नावाचा हुशार माणूस एका यंत्राला शिकवत होता. विड्याच्या पानाचा फोटो पाहून पान निरोगी की करपलेलं, हे यंत्राने सांगायचं. चुकलं की विश्राम दंडाचा एक गुण मांडायचा. दंड कमी व्हावा म्हणून यंत्र दर फेरीला स्वतःत थोडा बदल करायचं. यंत्राची शाळा ती एवढीच.

महिन्याभरात यंत्र शंभरात शहाण्णव वेळा बरोबर सांगू लागलं. विश्रामच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सरपंचांनी गावसभा बोलावली, हारसुद्धा सांगून ठेवला.

सभेच्या आदल्या सकाळी सगुणाकाकू पदरात करपलेली पानं घेऊन आल्या. "विश्राम, तुझं यंत्र चार दिवस 'निरोगी' म्हणतंय आणि माझा अर्धा मळा गेला. उरलेला तरी वाचव रे बाबा!"

विश्रामने तपासलं आणि त्याचा चेहरा उतरला. करपलेलं पान दाखवलं तर गावात नाचक्की, म्हणून लोकांनी फोटोसाठी जवळजवळ सगळी चांगलीच पानं दिली होती. शंभरात रोगी चारच. यंत्र सरसकट सगळ्यांना निरोगी म्हणत होतं आणि दंड पडत होता फक्त चार. लबाड कुठलं! पण त्याला तरी काय बोलायचं? चांगल्या पानाला रोगी म्हणून उगाच घाबरवलं तरी दंडाचा एक गुण, रोग निसटला तरी एकच, हे माप विश्रामनेच दिलेलं.

गप्प बसला असता तर हार गळ्यात पडला असता. पण त्याने माप बदललं. रोगी पान निसटलं तर दंड पंचवीस. काकूंची पानं समोर ठेवून त्याने यंत्राला दिवसभर पुन्हा शिकवलं.

दुसऱ्या दिवशी तो सभेत उभा राहिला. "माझे शहाण्णव फसवे होते. आज एक्क्याऐंशीच आहेत. पण रोगी पान एकही निसटलेलं नाही. चुकतं ते चांगल्या पानाला रोगी म्हणून."

"म्हणजे यंत्र बिघडलं की!" सरपंच म्हणाले. लोक हसले. विश्रामला फार लागलं.

काकू मात्र त्याला घेऊन मळ्याकडे निघाल्या. पानमळ्याच्या रिवाजाप्रमाणे बाहेर चपला काढून दोघं आत शिरले. यंत्राने दाखवलेला वेल न् वेल त्यांनी तपासला आणि रोगी तेवढे उपटले. पंधरा दिवसांनी उरलेल्या वेलांना हिरवीगार पालवी फुटली.

सरपंचांनी विचारलं, "काकू, अजून चुकतं का हो ते?"

"चुकतं की," काकू हसल्या. "पण आता माझ्या मळ्याची काळजी करून चुकतं."

तात्पर्य: शिकणारा घडतो तो त्याच्या चुका मोजणाऱ्या मापाने; ते माप खोटं निघालं तर शाबासकीवर पाणी सोडून आधी माप बदलावं.