पलीकडच्या तीराचा विस्तव

मुलांनो, आणि मुलांच्या निमित्ताने ऐकायला बसलेल्या मोठ्यांनो, फार जुन्या काळी एका राज्यात एक हलवाई होता. कॉफी करावी ती त्यानेच, आणि मधे भोक असलेले गोड वडे तळावेत तेही त्यानेच! गावोगावी त्याची दुकानं होती आणि चव सगळीकडे एकच.

एक दिवस त्याच्या मनात आलं, आता नदीपलीकडच्या राज्यातही दुकान काढायचं.

बायको म्हणाली, "येते मी. पण पौर्णिमेपर्यंत गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर गाशा गुंडाळायचा. पुन्हा हा विषय काढायचा नाही."

हलवायाने नावेत म्हैस चढवली, पीठ, लाकडं, कढया भरल्या. इतकंच काय, घरच्या चुलीतला विस्तवसुद्धा शेगडीत जपून नेला. "चव बदलायला नको," म्हणाला. धन्य तो माणूस!

दुकान थाटलं. वास गावभर पसरला. लोक लांबूनच वास घ्यायचे, हसायचे आणि निघून जायचे. उरलेले वडे रोज म्हशीला. म्हैस खूश, हलवाई रडकुंडीला आलेला.

पौर्णिमेच्या सकाळी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण जुंपलं. त्या नादात दूध उतू गेलं आणि चूल विझली. शेगडीतही नुसती राख होती.

हलवाई मान खाली घालून शेजारच्या कुंभारणीच्या दारात गेला. "ताई, थोडा विस्तव देता का?"

कुंभारणीचा चेहरा खुलला. "अहो, किती वाट बघायला लावलीत! आमच्याकडे नवा शेजारी आधी विस्तव मागायला येतो. त्याशिवाय आम्ही त्याचा उंबरा ओलांडत नाही. तुम्ही काहीच मागेनात. वाटलं, यांना आमची गरजच नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"मागा म्हणून कोणी सांगतं होय?"

तिने खापरात निखारे दिले. ते बघून कोणी गोवऱ्या आणल्या, कोणी वेलची, कोणी गूळ. हलवायाने क्षणभर विचार केला आणि गूळ सरळ कॉफीत टाकला. काय सांगू, दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही! बायको हसत हसत वडे तळत होती. रुसली ती एकटी म्हैस.

पुढे हलवायाने आणखी कितीतरी राज्यांत दुकानं काढली. प्रत्येक वेळी नावेत सगळं भरायचा, शेगडी मात्र रिकामी न्यायचा.

तात्पर्य: परक्या गावात नुसतं देऊन माणसं आपली होत नाहीत, त्यांच्याकडे काही मागावंही लागतं.