दुसरी वाटी

"मग ती बोलेल का?"

माई भांगेचं बी पाखडत होत्या. सूप हलत राहिलं. बारीक करड्या बिया मागं राहत होत्या, वाळकं पान आणि फोलपट पुढं उडत होतं.

"तिचा आवाज, माई. एवढाच ऐकायचाय."

"पाखडता येतं का?" माईंनी विचारलं, आणि सूप त्याच्या हातात दिलं.

पाखडता येतं का म्हणून विचारलं ते नरहरी शेलारला. संगमनेरच्या आसपास मोठं लग्न निघालं की मुलीचा बाप आधी नरहरी आचाऱ्याकडे जायचा, मग भटजींकडे. गड्यानं आयुष्यात मीठ चाखून टाकलं नव्हतं. कढईची वाफ नाकाशी आली की काय कमी आहे ते त्याला कळायचं, आणि ते कधी चुकायचं नाही. याचा त्याला गर्व होता, आणि गर्व वाटावा असाच त्याचा हात होता.

त्याची बायको इंदू तापाच्या दुखण्यात गेली, त्याला दोन वर्षं झाली होती. घरात तिचे फोटो होते. फोटोत ती दिसायची. पण आवाज हातून सुटला होता. ती आपल्याला "अहो" म्हणायची एवढं ठाऊक होतं. कसं म्हणायची, ते काही केल्या आठवेना.

अशात नर्मदेची परिक्रमा करून आलेला एक माणूस भेटला. उत्तर तीरावर एका आश्रमात माई राहतात, शिवरात्रीला त्या भांगेचा घोटा करतात, तो घेतला आणि मला माझ्या वारलेल्या भावानं घाटावरून हाक मारली, असं त्यानं शपथेवर सांगितलं. नरहरीनं दोन लग्नांची कामं दुसऱ्या आचाऱ्याला दिली आणि एसटी धरली.

माई मूळच्या खानदेशातल्या. तरुणपणी घर सोडून नदीकाठी आल्या त्या परत गेल्या नाहीत. आता पाठ वाकली होती, पण चुलीशी दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. कधीकाळी हिमालयातला एक साधू आश्रमात राहून गेला होता. पहाडात भांगेच्या बियांची चटणी घरोघर करतात. ती त्यानं माईंना शिकवली, आणि तेव्हापासून परिक्रमावासीयांच्या पानात भाकरीबरोबर ती चटणी पडायची.

नरहरीला वाटलं होतं, पोचल्या दिवशीच काम होईल. माईंनी त्याला बिया पाखडायला बसवलं.

त्याला राग आला. पण हातातलं काम वाईट करणं त्याला जमायचं नाही, म्हणून त्यानं ते नीट केलं. माई मधूनमधून सांगत राहिल्या. बी चढत नाही, चढतं ते बीला चिकटून आलेलं पान आणि फूल. म्हणून बी पाखडायची, निवडायची, धुवायची, आणि मगच तव्यावर टाकायची. भाजायची ती मंद आचेवर, तडतडायला लागेपर्यंत. एका वेळी थोडीच भाजायची, कारण तिच्यात तेल असतं आणि ते लवकर खवट होतं. नव्या माणसाच्या पानात आधी नखाएवढी वाढायची. शेंगदाणा एखाद्याला सोसत नाही, तसंच हिचंही असतं.

नरहरीनं जिरं, लसूण, लाल मिरची आणि लिंबू घालून चटणी वाटली. परिक्रमावासी बोटं चाटत जेवले. कुणालाही काही झालं नाही.

"बघितलंस?" माई म्हणाल्या.

"हे बी आहे, माई. मला पान पाहिजे."

पानाचा डबा वर फळीवर होता. त्याला कुलूप होतं, किल्ली माईंच्या कमरेला. वर लाल चिंधी बांधलेली. तो डबा निराळा, पानाचा खलबत्ता निराळा, गाळायचं फडकंही निराळं. माईंनी पानं कधी लाडवात घातली नाहीत की बर्फीत घातली नाहीत. असं का, म्हणून नरहरीनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, आश्रमात लेकरं येतात, म्हाताऱ्या येतात, आणि भूक लागलेलं माणूस लाडवाला तू कोण म्हणून विचारत नाही.

शिवरात्र आली.

सकाळी माईंनी कुलूप काढलं. घोटा नरहरीच करणार हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. त्यानं पानं निवडली, पाणी नितळ येईपर्यंत धुतली, शिजवली, पिळली. बदाम, बडीशेप, मिरी, गुलाबाच्या पाकळ्या घालून ती गंधासारखी वाटली. दूध आटवलं. सकाळी माईंनी डब्यातून पान चिमटीनं मोजून दिलं होतं तेव्हाच त्याला हसू आलं होतं. एवढ्या दुधाला एवढंसं?

माई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या: ढवळ. तळाशी गाळ बसला की शेवटच्या वाटीवाल्याच्या वाट्याला सगळं येतं.

मग कुणाला द्यायचं नाही ते सांगून झालं. पोरासोरांना नाही. पोटुशीला नाही, अंगावर पाजणारीला नाही. ज्याचं काळीज दुखतं त्याला नाही. जो डॉक्टरची गोळी घेतो, ज्याचं डोकं एकदा फिरून गेलंय, ज्यानं दारू घेतलीय, त्यालाही नाही. आणि घेतलं की दिवसभर नदीत उतरायचं नाही, नावेत बसायचं नाही, चुलीशी जायचं नाही, एकटं राहायचं नाही.

"आधी खा," त्या नरहरीला म्हणाल्या, आणि वरीच्या तांदळावर शेंगदाण्याची आमटी वाढली.

नरहरीनं ताट बाजूला सारलं. कडकडीत उपास होता त्याचा. इंदूच्या नावानं.

दुपारी त्याला वाटी मिळाली. लहानशी, अर्धी.

तो निंबाच्या पारावर जाऊन बसला. डोळे मिटले. नदीचा आवाज येत होता, धुण्याचा येत होता, दूर कुणी भजन म्हणत होतं.

काही झालं नाही.

तो थांबला. ऊन पारावरून सरकून पायरीवर गेलं. तरी काही नाही. जिभेवर दुधाची चव तेवढी होती, आणि ती चव त्याला सांगत होती की घोटा पातळ आहे. आयुष्यभर नाकानं आणि जिभेनं त्याला दगा दिला नव्हता. म्हातारीनं हात आखडला, त्यानं मनात म्हटलं. एवढ्या लांबून आलो, आणि हिनं हात आखडला.

माई परिक्रमावासीयांना वाढायला गेल्या होत्या. नरहरी उठला, पातेल्याशी गेला, आणि वाटी भरली. ती प्यायला. मग आणखी एक. यावेळी ढवळायलाही तो थांबला नाही.

परत पारावर येऊन बसला... आणि मग ती आली.

इंदू नव्हे. पहिली वाटी.

आधी ओठ वाळले. मग हात लांब गेले, इतके लांब की आपलेच आहेत का ते कळेना. तोवर दुसरी आली, तिच्या पाठीवर तिसरी. काळीज असं धडधडायला लागलं की बरगडीबाहेर येईल. त्यानं माईंना हाक मारायला तोंड उघडलं, आणि हाक मारून झाली की मारायची राहिली, तेच त्याला आठवेना.

आवाज आले. हवे होते त्याहून कितीतरी आले. मांडवातले वाढपी, व्याही, कढईचा चर्र, भाजीवाल्या, शाळेतले मास्तर, सगळे एकदम बोलत होते, ओरडत होते. त्या गर्दीत तो इंदूला शोधत होता. तिचा आवाज असला तरी त्या गलक्यात कुठं ऐकू येणार होता...

माई आल्या तेव्हा तो पाराच्या दगडाला मिठी मारून बसला होता.

त्यांनी पातेल्याकडे एकदा बघितलं आणि त्या सगळं समजल्या. रागावल्या नाहीत. त्याला आतल्या खोलीत नेलं, सावलीत कुशीवर निजवलं, उलटी झाली तर घशात जाऊ नये म्हणून. घोट घोट पाणी दिलं. एका परिक्रमावासीला नावाड्याकडे धाडलं आणि नाव तयार ठेवायला सांगितलं. छातीत कळ आली किंवा हाकेला ओ देईना, तर पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मग त्याचा हात हातात घेऊन बसल्या.

"मी मेलो का, माई?"

"नाही. उतरेल."

"कधी?"

"उतरेल तेव्हा. मी बसलेय."

त्यानं हे कितीदा विचारलं त्याला ठाऊक नाही. माईंनी दर वेळी तेच सांगितलं, त्याच सुरात. नावेची गरज पडली नाही. दिवेलागणीनंतर केव्हातरी त्याला झोप लागली.

दुसरा दिवस डोकं जड होऊन गेला. माईंनी त्याला पेज दिली आणि उठू दिलं नाही. तिसऱ्या सकाळी तो उठला, अंघोळ केली, घाटाच्या वरच्या पायरीवर माई बसल्या होत्या तिथं जाऊन खालच्या पायरीवर बसला. नदीवर धुकं होतं. पलीकडचा तीर दिसत नव्हता.

"घोटा पातळ नव्हता," नरहरी म्हणाला.

"नव्हता."

"मला वाटलं, काही होतच नाहीये."

"पोटातून चढायला त्याला वेळ लागतो. सगळ्यांना असंच वाटतं. जेवढे फसले, ते सगळे याच ठिकाणी फसले."

नरहरीनं मान हलवली. मग म्हणाला की त्याला आज निघायचंय. पान नको. बियांची एक पुरचुंडी मिळाली तर घरी चटणी करून बघेन. माईंनी ती आधीच बांधून ठेवली होती. पदराखालून काढून त्याच्या पुढ्यात ठेवली.

त्यानं ती उचलली नाही.

"माई, एक सांगू?"

मग नरहरी बोलला. आजवर कुणाशी बोलला नव्हता. इंदू गेली तेव्हा सगळे रडले. तिची आई जमिनीवर लोळली. आळीतल्या बायका, त्याचे वाढपी, दूधवालासुद्धा रडला. तो रडला नाही. त्याला काही झालंच नाही. तेराव्याच्या जेवणाला दुसरा आचारी बघू म्हणून भाऊ म्हणाला, तर यानं ऐकलं नाही. स्वतः चूल पेटवली, स्वतः बुंदी पाडली, आणि लोकांनी हात धुताना सांगितलं की अशी बुंदी आजवर खाल्ली नाही. त्याला तेव्हा बरं वाटलं. रात्री पाठ टेकली, झोप लागली. सकाळी उठून, ज्या घरच्या लग्नाची सुपारी घेतली होती तिथं स्वैपाकाला गेला.

"लोक म्हणायचे, दगड आहे. मलाही तसंच वाटतं, माई. आवाज ऐकायचा होता तो त्यासाठीच. म्हटलं, तिनं एकदा हाक मारली तर आत काहीतरी हलेल. दोन वर्षं वाट बघतोय. अजून..."

धुक्यातून नाव येत होती. वल्ह्याचा आवाज आधी आला, नाव नंतर दिसली.

"अजून काही होत नाही," नरहरी म्हणाला.

आणि हे म्हणताना त्याचा खालचा ओठ हलला. त्यानं तो दातांत धरला. हनुवटी हलायला लागली, तेव्हा हातानं हनुवटी धरली. मग त्याचे खांदे हलले. त्यानं नवलानं माईंकडे बघितलं, पारावर आपल्या लांब गेलेल्या हातांकडे बघितलं होतं तसं.

"हे काय होतंय, माई?... पाणी द्या. काहीतरी द्या."

पाण्याचा गडू माईंच्या शेजारीच होता. त्यांनी तो उचलला आणि पलीकडे सरकवून ठेवला. नावाड्याला हातानं खूण केली, की थांब. मग एक पायरी खाली उतरून त्या नरहरीच्या शेजारी बसल्या आणि त्याचा हात हातात घेतला.

"आता वर दुसरं काही घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "चढू दे."