मेंढवाड्याच्या भिंतीबाहेर

फार फार वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडच्या एका डोंगराळ राज्यात दीनाबाई नावाची शिक्षिका राहत होती. ती मूळची आपल्याकडचीच. प्रभू येशूवर तिची निस्सीम श्रद्धा होती आणि मेंढपाळांच्या मुलांना शिकवायला ती एकटीच इतक्या दूर गेली होती. तिथली भाषा तिला मुलांनीच शिकवली. तिचा शब्द चुकला की अख्खा वर्ग हसे, आणि तीही हसे. "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा," असं ती मुलांना पुन्हा पुन्हा सांगे.

एका हिवाळ्यात तापाची साथ आली. राजाने दवंडी पिटवली, "आजाऱ्यांना वेशीबाहेरच्या मेंढवाड्यात ठेवा. जो त्यांच्याकडे आत जाईल, त्याला गावात परत घेतलं जाणार नाही."

काही दिवसांतच दीनाबाईची विद्यार्थिनी इलूना आणि तिची आई दोघींना तिकडे नेलं. आईला उठून बसण्याचंही त्राण नव्हतं.

दीनाबाई मेंढवाड्यापाशी गेली. आतून इलूनाचा आवाज आला, "बाई, पाणी!"

ओढा वीस पावलांवर होता. दाराला नुसती कडी होती. पण दीनाबाईने कडीला हात लावला नाही. 'मी आत गेले तर शाळा बंद पडेल. बाकीच्या तीस मुलांनी काय करायचं?' ती मनाशी म्हणाली. ते खरंही होतं. पण तिला तापाची भीती वाटत होती, हे त्याहून खरं होतं.

ती भिंतीबाहेर बर्फात गुडघे टेकून बसली आणि मोठ्याने म्हणाली, "प्रभो, या लेकराला वाचव."

तीन दिवस ती येत राहिली, रडून रडून प्रार्थना करत राहिली. चौथ्या दिवशी आतून हाक आली नाही.

बर्फ वितळलं, साथ ओसरली, मेंढवाडा उघडला. इलूनाची आई वाचली होती. दीनाबाईने तिचे हात धरले. "मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करत होते हो."

"ऐकली ना," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पोरगी म्हणायची, बाई आल्यात, आता पाणी आणतील. दाराकडे बघत बघतच गेली."

त्या दिवसानंतर तिने शाळेत शेजाऱ्याबद्दल एक शब्दही काढला नाही.

पुढच्या हिवाळ्यात ताप पुन्हा आला आणि आजारी पुन्हा मेंढवाड्यात गेले. या वेळी ती भिंतीबाहेर थांबली नाही. ओढ्यावर घागर भरली आणि कडी काढून ती आत गेली. तिच्या हातचं पाणी पिऊन अकरा माणसं जगली. ती स्वतः मात्र तिथेच वारली. गावाने तिला सन्मानाने पुरलं. पण इलूनाला त्याचा काही उपयोग नव्हता.

तात्पर्य: जे काम आपल्या हातांनी होण्याजोगं आहे, ते देवावर सोपवून बाहेर थांबणं म्हणजे श्रद्धा नव्हे.